बांडगुळांचा मेंदू

प्राणिशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात चपट्या कृमींची ओळख बहुधा एका ठरलेल्या क्रमाने होते. आधी ओढ्यातल्या दगडाखाली स्वतंत्र जगणारा प्लॅनेरिया, मग गुरांच्या यकृतातला पर्णकृमी आणि शेवटी आतड्यातला पट्टकृमी. नाशिक असो वा नांदेड, प्रयोगशाळेतल्या काचपट्ट्यांवर हे तिघे याच क्रमाने भेटतात. शिकवायला हा क्रम सोयीचा आहे, पण तो नकळत एक गोष्टही सांगून जातो. प्लॅनेरियाला डोळे आहेत, ठसठशीत डोके आहे, दोन पाळ्यांचा मेंदू आहे. प्रौढ पर्णकृमीचे डोळे गेले, तोंड आणि आतडे तेवढे उरले. पट्टकृमीचे तेही गेले. म्हणजे आयते खायला मिळाले की अंग झिजत जाते आणि डोके सगळ्यांत आधी झिजते, असा निष्कर्ष विद्यार्थी न सांगता काढतो. ऐतखाऊ माणसाला आपण बांडगूळ म्हणतोच, त्यामुळे ही कथा पटायला वेळ लागत नाही. माझ्या मते ती चूक आहे. या प्राण्यांच्या चेतासंस्था इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या, तर स्वतंत्र जगणारे वर आणि परजीवी खाली अशी उतरंड लागत नाही. कोणाची चेतासंस्था किती गुंतागुंतीची, हे त्या प्राण्याला आयुष्याच्या त्या टप्प्यावर कोणते काम करायचे आहे आणि तो कोणत्या कुळातून आला आहे यावर ठरते. परजीवी असणे ही त्यातली एक बाब आहे, आणि तीही फारशी निर्णायक नाही.

ऱ्हासाच्या या कथेला जुना आणि वजनदार आधार आहे. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रे लँकेस्टर यांनी १८८० मध्ये ‘डीजनरेशन’ नावाचे छोटे पुस्तक लिहिले आणि उत्क्रांती नेहमी वरच नेते असे नाही, ती खालीही उतरवते, हे परजीवींची उदाहरणे देऊन मांडले. विचार म्हणून ते महत्त्वाचे होते, आजही आहे. अडचण अशी की त्या काळी चेतासंस्था पाहण्याचे साधन म्हणजे साधा सूक्ष्मदर्शक आणि रंगवलेले काप. त्यातून दिसत होता फक्त आराखडा. पुढच्या टोकाला चेतापेशींचा एक पुंजका, तिथून मागे जाणारे लांब चेतारज्जू आणि त्यांना ठरावीक अंतरांवर जोडणारे आडवे धागे. एरिक रायसिंगर यांनी १९२५ मध्ये या शिडीवजा मांडणीला ‘ऑर्थोगॉन’ हे नाव दिले आणि ते टिकले. आराखड्यावरूनच तुलना करायची म्हटले की पायऱ्या मोजणे आले. कोणाच्या शिडीला किती रज्जू, कोणाच्या पुढच्या पुंजक्याचा आकार केवढा, एवढेच. त्या मोजणीत पट्टकृमी हरणार हे उघड होते.

प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरच्या आतले दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत, आणि चेतासंस्थेतला खरा व्यवहार नेमका त्या मर्यादेखाली चालतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी ऊती ग्लुटराल्डिहाइडमध्ये स्थिर करतात, ऑस्मियमने काळी करतात, रेझिनमध्ये गोठवतात आणि हिऱ्याच्या किंवा काचेच्या धारेने तिचे शंभर नॅनोमीटरहूनही पातळ काप काढतात. १९६० च्या दशकाच्या मध्यावर मोरिता आणि बेस्ट यांनी, तसेच जपानमध्ये ओसाकी आणि इशी यांनी प्लॅनेरियाच्या मेंदूचे असे काप पाहिले. बाहेरच्या बाजूला चेतापेशींच्या शरीरांची साल, आत केवळ तंतूंचा गाभा. उसाची मोळी आडवी छाटल्यावर दिसावीत तशी त्या तंतूंची गोल टोके एकमेकांना चिकटून बसलेली. आपल्या नसांवर असते तसले मायेलिनचे वेष्टण कुठेही नाही. एकेका टोकाच्या आत पाहिले की पुटिका दिसतात. काही सुमारे ५० नॅनोमीटरच्या, आतून रिकाम्या भासणाऱ्या. काही त्यांच्या दुप्पट आकाराच्या, मधोमध काळा ठिपका असलेल्या. पहिल्या प्रकारात बहुधा झटपट संदेश देणारी रसायने असतात, दुसऱ्यात पेप्टाइडे किंवा सेरोटोनिनसारखी अमाइने. दोन तंतू जिथे भेटतात तिथे पडदा जाड झालेला आणि एका बाजूला पुटिकांची गर्दी, म्हणजे सिनॅप्स. कीटकात किंवा उंदरात दिसावा, मूलतः तसाच.

आता हीच पद्धत पट्टकृमीला लावली तर काय दिसते? बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील फेअरवेदर आणि थ्रेडगोल्ड यांनी १९८३ मध्ये हायमेनोलेपिस नाना या माणसाच्या आतड्यातल्या छोट्या पट्टकृमीच्या चेतासंस्थेची सूक्ष्मरचना प्रसिद्ध केली. तिथेही मेंदूचा गाभा आहे, सिनॅप्स आहेत, निरनिराळ्या आकारांच्या पुटिका आहेत आणि त्वचेपर्यंत पोहोचलेले संवेदी तंतूंचे शेंडे आहेत. फिनलंडमध्ये मार्गारेटा गुस्टाफसन यांनी डायफिलोबोथ्रियम या माशांमार्फत पसरणाऱ्या पट्टकृमीत पेप्टाइडे बाळगणाऱ्या चेतापेशींचे दाट जाळे दाखवले. सर्वांत बोलका पुरावा मात्र आपल्या धनगरांच्या कळपांतही आढळणाऱ्या मोनिएझिया एक्स्पान्सा या शेळ्यामेंढ्यांच्या पट्टकृमीचा. बेलफास्टच्याच गटाने १९९१ मध्ये त्याच्यातून ३९ अमिनो आम्लांचे एक चेतापेप्टाइड वेगळे केले आणि त्याला न्यूरोपेप्टाइड एफ म्हटले. सस्तन प्राण्यांच्या मेंदूत भुकेशी निगडित असलेल्या न्यूरोपेप्टाइड वायचे हे अपृष्ठवंशीय भावंड. पुढे ते कीटकांत आणि गोगलगायींतही सापडले, पण पहिल्यांदा हाती लागले ते ज्याला झिजून गेलेला समजत होतो त्या प्राण्यात. यात आश्चर्य वाटू नये. चपट्या कृमींना रक्ताभिसरण नाही, देहगुहा नाही. संप्रेरके वाहून नेणारा प्रवाहच नसेल तर वाढ, अंडी, आकुंचन यांची सूचना शरीरभर पोहोचवायला चेतातंतूंखेरीज दुसरे कोण आहे? कित्येक मीटर लांबीच्या पट्टकृमीत शेकडो खंड वेगवेगळ्या वयाचे असतात आणि त्या सगळ्यांतून दोन मुख्य रज्जू शेवटपर्यंत जातात. उंदराच्या आतड्यातला हायमेनोलेपिस डिमिन्युटा तर यजमानाच्या जेवणाच्या वेळेनुसार आतड्यात रोज पुढेमागे सरकतो. हे काम झिजलेल्या यंत्रणेचे नव्हे.

कोणी म्हणेल, परजीवींची यंत्रणा समृद्ध असेलही, पण स्वतंत्र जगणाऱ्यांची अधिकच समृद्ध असणार. इथे ‘स्वतंत्र जगणारे’ हा गट एकसंध नाही, ही गोष्ट आडवी येते. कोकण किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी खडकांवर दिसणारे पॉलिक्लॅड कृमी स्वतंत्र जगतात आणि गोड्या पाण्यातला प्लॅनेरियाही. पण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील नोटोप्लाना ॲक्टिकोला या पॉलिक्लॅडवर हॅरल्ड कूपोविट्झ आणि सहकाऱ्यांनी जे पाहिले ते प्लॅनेरियाशी जुळत नाही. मेंदू एका आवरणात बंद, चेतापेशी नाना घडणीच्या, आणि एका कृमीचा मेंदू काढून दुसऱ्यात बसवला तर नसा पुन्हा जुळून हालचाली परत येतात. दुसऱ्या टोकाला सह्याद्रीच्या पावसाळी रानात ओल्या पालापाचोळ्यावरून सरपटणारा, फावड्यासारख्या डोक्याचा बायपॅलियम आहे. तोही स्वतंत्र जगतो, गांडुळांची शिकार करतो, पण जमिनीवरच्या या कृमींत पोटाच्या बाजूची चेतासंस्था स्पष्ट दोन रज्जूंपेक्षा पसरट जाळीदार पट्टीसारखी असते. परजीवींमध्येही तेच. मॉस्कोच्या नतालिया बिसेरोवा यांनी शार्क माशांशी संबंधित ग्रिलोशिया या पट्टकृमीत चेतारज्जूंभोवती ग्लियासारख्या आधारपेशींची थरावर थर वेष्टणे दाखवली. हायमेनोलेपिसच्या कुळात तसे काही दिसत नाही. दोन्ही पट्टकृमी, दोन्ही आतड्यात, दोघांनाही तोंड नाही. गटांच्या आतला फरक गटागटांमधल्या फरकापेक्षा मोठा असेल, तर ‘परजीवी’ या शब्दावरून चेतासंस्थेचा अंदाज बांधणे व्यर्थ आहे.

एका प्राण्याची दुसऱ्याशी तुलना करताना कूळ, आकार, निवास असे बरेच काही एकाच वेळी बदलते, म्हणून सगळ्यांत स्वच्छ पुरावा एकाच प्राण्याच्या वेगवेगळ्या अवस्थांमधून मिळतो. इगतपुरी, पेठ, सुरगाणा या भाताच्या तालुक्यांत खाचरांच्या बांधावर आणि ओलसर गवतावर चरणाऱ्या जनावरांना पर्णकृमींचा त्रास होऊ शकतो. यकृत बिघडते आणि जबड्याखाली पाणी साचून सूज येते. भारतात गुरांत प्रामुख्याने आढळणारा हा फॅसिओला जायगॅन्टिका, लांबीला ७५ मिलिमीटरपर्यंत जाणारा. त्याचे अंडे शेणातून पाण्यात पडते. त्यातून बाहेर येणारा मिरॅसिडियम काहीही खात नाही, एखाद्या दिवसापलीकडे जगत नाही, आणि तेवढ्यात त्याला पाण्यातली लिम्निया गोगलगाय हुडकायची असते. या एवढ्याशा जिवाला डोळ्यांचे ठिपके आहेत, पुढच्या टोकाला संवेदी शेंड्यांचा झुबका आहे आणि शरीराच्या मानाने बराच मोठा, तंतूंच्या घट्ट गाभ्याचा मेंदू आहे. गोगलगायीत घुसल्यावर तो स्पोरोसिस्ट होतो आणि मेंदूची ती बांधणी मोडते. पुढची रेडिया पिढी गोगलगायीच्या उतींत राहून खाते, वाढते, पिल्ले देते. तिची चेतासंस्था साधी. मग शेपटीचा सर्केरिया बाहेर पडतो, पुन्हा नीटस मेंदू आणि शेपटीपर्यंत जाणारे रज्जू घेऊन, कारण त्याला पोहून गवताचे पाते गाठायचे असते. गुराच्या पोटात गेल्यावर कोवळा कृमी आतड्याची भिंत फोडून, पोटाची पोकळी ओलांडून यकृत शोधतो. या साऱ्या अवस्थांची जनुके एकच आहेत. मिरॅसिडियम काही खात नाही, पण मुक्त पोहतो. रेडिया पूर्ण परजीवी. कोवळा कृमीही पूर्ण परजीवी, तरी त्याला वाट काढायची आहे. मेंदू वाढतो आणि मोडतो तो शोधण्याच्या कामाबरोबर. परजीवीपणाचा हिशेब लावायला गेलो तर हा आलेख समजतच नाही.

मग डोळ्यांचे काय? पट्टकृमीला डोळे नाहीत, प्रौढ पर्णकृमीला नाहीत, हे खरेच आहे, आणि ते नाकारून माझा मुद्दा जिंकता येणार नाही. ऱ्हास होतो. पण तो एका अवयवाचा होतो, संस्थेचा होतोच असे नाही. अंधारात प्रकाश पाहणारे अवयव जाणे आणि स्पर्श, रसायने, ताण ओळखणारे शेंडे त्वचेभर वाढणे या दोन्ही गोष्टी एकाच कृमीत घडू शकतात. लँकेस्टरच्या काळी पहिली दिसत होती, दुसरी दिसायला काप शंभर नॅनोमीटरच्या खाली जावे लागले. याहून अवघड आक्षेप असा की पुटिकांचे प्रकार जास्त म्हणजे चेतासंस्था सक्षम असे कुठे ठरले आहे? रास्त प्रश्न आहे. केवळ पुटिकांच्या व्यासावरून चेतापेशींच्या जाती मोजण्याची पद्धत मलाही कच्ची वाटते, कारण पुटिका भरलेली आहे की रिती झाली आहे यावरही तिचे रूप बदलते. पण आता तोच प्रश्न वेगळ्या वाटेने तपासता येतो. २०२० मध्ये रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या शिस्टोसोमा मॅन्सोनायच्या ४३,६४२ पेशींची एकेक करून जनुकीय तपासणी झाली. त्यात पेशींचे ६८ वेगळे गट सापडले आणि त्यांतला मोठा वाटा चेतापेशींच्या प्रकारांचा निघाला. शिस्टोसोमा हे नाव महाराष्ट्राला अगदीच परके नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावी गाडगीळ आणि शाह यांनी १९५२ मध्ये मानवी शिस्टोसोमियासिसचे केंद्र नोंदवले, आणि त्यासाठी फेरिसिया टेनुइस या छोट्या गोगलगायीकडे बोट दाखवले गेले. जे कृमी माणसाच्या रक्तात नर-मादीची जोडी जमवून वर्षानुवर्षे राहतात, त्यांच्या चेतापेशींत इतके प्रकार असावेत हे काप पाहणाऱ्यांच्या अंदाजाशी जुळतेच.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाविरुद्धचा खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो मला मान्य आहे. त्याच्या खिडकीतून फार थोडे दिसते, आणि न दिसलेले ‘नाही’ म्हणून नोंदवले जाते. प्लॅनेरियात ग्लिया पेशी आहेत की नाहीत यावर अनेक वर्षे घोळ होता. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी जनुकांच्या खुणा वापरून त्या ठळकपणे दाखवल्या. तेव्हा ‘हायमेनोलेपिसमध्ये ग्लिया दिसत नाहीत’ हे मघाचे माझे वाक्यही आजच्या पुराव्यापुरतेच घ्यावे. मात्र चेतासंस्थांच्या सूक्ष्म तुलनेने एक मोठी गफलत दुरुस्त व्हायला हातभार लावला, हेही तिच्या खाती जमा करायला हवे. एसील नावाचे समुद्री कृमी दीर्घकाळ सर्वांत आदिम चपटे कृमी मानले जात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ओल्गा राइकोवा, मारिया रॉइटर आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या चेतासंस्था पाहिल्या. तिथे प्लॅनेरियासारखा गाभा-साल असा मेंदू नव्हता, आडव्या धाग्यांचे सैल जुडगे होते, आणि शिडीही जुळत नव्हती. १९९९ मध्ये रिबोसोमच्या जनुकांवरून एसील हे चपट्या कृमींचे नातलगच नव्हेत, हे स्वतंत्रपणे मांडले गेले. उरलेले चपटे कृमी, परजीवी धरून, एका वंशाचे निघाले, आणि त्यांच्या मेंदूच्या घडणीतले साम्य त्या नात्याला शोभणारेच आहे.

शेवटचा आक्षेप मेंदूलाच हात घालतो. डोके कापले तरी प्लॅनेरिया शिकलेले विसरत नसेल, तर मेंदूच्या बारकाव्यांची तुलना कशासाठी? जेम्स मॅकॉनेल यांचे १९६० च्या दशकातले प्रयोग, शिकलेल्या कृमीचे तुकडे खाऊन दुसरा शिकतो वगैरे, इतरांच्या हाती टिकले नाहीत. पण २०१३ मध्ये शोम्रात आणि लेविन यांनी यंत्राने शिकवण देऊन दाखवले की नवे डोके फुटलेले कृमी जुन्या जागेला कोऱ्या कृमींपेक्षा लवकर सरावतात. बेंगळुरूत आकाश गुल्यानी यांच्या गटाने २०१७ मध्ये याची दुसरी बाजू दाखवली. डोके नसलेला प्लॅनेरियाही अतिनील प्रकाशापासून पळतो, कारण शरीरभर प्रकाश ओळखणारे जाळे आहे. पण जवळजवळच्या रंगछटांतला बारीक फरक ओळखायला डोळा आणि मेंदूच लागतो, आणि डोके पुन्हा वाढताना ती क्षमता टप्प्याटप्प्याने परत येते. म्हणजे चेतासंस्थेचे काम डोक्यात आणि अंगात वाटलेले आहे. हे माझ्या मुद्द्याला पूरकच आहे, कारण परजीवींची तुलना आजवर मुख्यत्वे डोक्याच्या आकारावरून केली गेली.

पट्टकृमीला निर्जीव फीत मानण्याची किंमत वर्गीकरणाने मोजली आहे, आणि ती आपल्याच नद्यांच्या काठी. मराठवाडा विद्यापीठाच्या परंपरेत पट्टकृमींच्या असंख्य नव्या जाती वर्णिल्या गेल्या. शिंदे आणि जाधव यांनी १९८० मध्ये वाम माशातल्या एका पट्टकृमीला सेंगा गोदावरी हे नदीचे नाव दिले. अशा वर्णनांत डोक्याची लांबी, मानेची रुंदी, आकड्यांची संख्या असते; चेतासंस्थेला सहसा जागा नसते. पुढे २०११ मध्ये मागूर माशातल्या एका गणाच्या पट्टकृमींची भारत, थायलंड, इंडोनेशियातून तपासणी झाली, तेव्हा नोंदलेल्या ५९ नावांपैकी अवघ्या ८ जाती ग्राह्य ठरल्या. सेंगाच्या अनेक भारतीय नावांबद्दलही तशीच शंका घेतली गेली आहे. जातीजातींतला फरक चेतासंस्थेच्या कापांवरून ठरेल असे मी म्हणत नाही. तो फरक सहसा कुळांच्या पातळीवरच उमटतो. पण नावे एवढी फुगली त्याचे एक कारण चेतासंस्थेशीच भिडते. माशाच्या आतड्यातून काढलेला जिवंत कृमी थंड फॉर्मॅलिनमध्ये टाकला की त्याच्या संवेदी शेंड्यांना ते झोंबते, रज्जूंतून संदेश जातो, स्नायू आवळतात आणि मान आखडून निम्मी होते. दुसरा कृमी मेल्यावर काढला तर तो सैल, लांब. मोजपट्टीवर या दोन जाती होतात. म्हणून आता कृमी जिवंत असतानाच खारट पाण्यात धुऊन जवळजवळ उकळत्या फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याची शिफारस करतात. आखडण्याचा हुकूम स्नायूंपर्यंत पोहोचण्याआधीच तो ताणलेल्या अवस्थेत गोठतो.